एका प्रतीची पन्नास वर्षे : आपल्या वाचक मंडळाचा इतिहास

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी वाचक मंडळाचा इतिहास लिहून द्या, असे संपादक मंडळाने सांगितले तेव्हा मी पहिली अट घातली ती नावांची. या लेखात कोणाचेही नाव येणार नाही. संस्थापक, कार्यवाह, ग्रंथपाल, शिपाई, देणगीदार आणि वर्गणी न चुकवणारे साधे सभासद या सर्वांची नामावली स्मरणिकेच्या शेवटी स्वतंत्र छापली आहे. रौप्यमहोत्सवाच्या वेळी लेखात नावे घेतली होती. त्यात एक राहिले, आणि त्या गृहस्थांनी पुढची दोन वर्षे देवघेवीच्या खिडकीशीसुद्धा आमच्याकडे पाहिले नाही. मंडळ कोणा एकट्याने उभे केले नाही हेही खरेच आहे. तेव्हा अट सोयीची आहे तशी न्याय्यही आहे.

१९७६ ते १९८५ : कऱ्हाडहून परतीची एस.टी.

डिसेंबर १९७५मध्ये कऱ्हाडला ५१वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. दुर्गा भागवत अध्यक्ष होत्या आणि यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष. आणीबाणी लागून सहा महिने झाले होते. अध्यक्षपदावरून दुर्गाबाईंनी आजारी जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सांगितली, त्या मांडवात आपल्या गावचे सहा जण होते. दोन शिक्षक, सहकारी बँकेतले एक रोखपाल, साखर कारखान्यातला एक फिटर, बाजारपेठेतले एक शिंपी आणि आपल्या वाचनालयाचे ग्रंथपाल. परतीच्या एस.टी.त वाद जुंपला. लेखकाने राजकारणात बोलावे की नाही यावर सुरुवात झाली आणि गाव येईपर्यंत गाडी ‘कोण कोण नुसते बोलतो आणि कोण खरे वाचतो’ इथवर पोचली. पुढच्या रविवारी सकाळी वाचनालयात बसून हा वाद पुरा करू, असे स्टँडवर उतरताना ठरले. तो अजून पुरा झालेला नाही. मंडळाच्या स्थापनेची यापेक्षा थोर कथा माझ्याजवळ नाही.

वाचनालय तेव्हा बऱ्यापैकी सावरलेले होते. १९६७चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १ मे १९६८पासून लागू झाला आणि मान्यताप्राप्त वाचनालयांना नियमाने अनुदान मिळू लागले. आपला कायदा ग्रंथालय कर बसवत नाही. सगळा भार सरकारी अनुदान आणि सभासदांची वर्गणी यांवर. अनुदानाच्या हिशेबात ग्रंथखरेदी होती, पगार होता, बांधणी होती. चार माणसांनी एकत्र बसून पुस्तकावर बोलण्यासाठी मात्र कोणताच रकाना नव्हता. त्यामुळे मंडळाला पहिल्या दिवसापासून वाचनालयाकडून मिळाले ते तीन गोष्टींपुरते : एक सतरंजी, एक दिवा आणि पुस्तकाची एक प्रत.

दिवस आणीबाणीचे होते. दहा माणसे नियमाने जमतात म्हटल्यावर कार्यकारी मंडळातल्या काहींना काळजी वाटली, आणि ती अगदीच अनाठायी नव्हती. ग्रंथपालांनी तोड काढली. इतिवृत्ताच्या वहीत त्यांनी शीर्षक घातले, ‘वाचकांची सभा. विषय : पुस्तक’. याच्यावर कोणाचे काय म्हणणे असणार? पहिले पुस्तकही त्याच सावधपणाने निवडले, लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’. तरुण शिक्षकांना ‘कोसला’ हवी होती. ती चौथ्या महिन्यात घेतली. त्या बैठकीचे इतिवृत्त एका ओळीचे आहे : ‘चर्चा झाली, चहा झाला नाही.’

आता प्रतीविषयी, कारण मंडळाचा सगळा इतिहास तिच्याभोवतीच फिरतो. वाचनालयात कोणत्याही पुस्तकाची साधारण एकच प्रत असे. वाचणारे दहा-बारा आणि महिना एक. म्हणून शेवटच्या पुठ्ठ्याच्या आत, तारखेचे शिक्के मारायच्या कागदाखाली, आणखी एक चिठ्ठी डकवायची. तीवर पाळीने नावे लिहिलेली. प्रत्येकाला तीन दिवस. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पुस्तक पुढच्या माणसाच्या घरी स्वतः नेऊन द्यायचे. उशीर करणाऱ्याला पैशांचा दंड नव्हता. पुढच्या बैठकीच्या चहाची साखर त्याने आणायची. पहिल्या दोन वर्षांत साखर कधी विकत आणावी लागली नाही, यावरून काय ते समजा.

पुस्तकात रेघोट्या ओढायला ग्रंथपालांची सक्त मनाई होती. वाचताना काही सुचले तर करायचे काय? मग प्रतीबरोबर दोनशे पानी एक वही फिरू लागली. तिला सगळे ‘सोबतवही’ म्हणत. पान क्रमांक लिहायचा आणि पुढे आपले म्हणणे. पुढच्याला पटले नाही तर तो खाली लिही. बैठकीला बसण्याआधीच निम्मी चर्चा वहीत होऊन गेलेली असे, आणि खरे सांगायचे तर ती बैठकीतल्यापेक्षा मोकळी असे. समोरासमोर मुख्याध्यापकांना कोण ‘असहमत’ म्हणणार?

या वह्यांत एक अक्षर होते, बारीक, उजवीकडे झुकलेले, हिरव्या शाईतले. खाली नाव नाही. सगळ्यांत नेमके लिहिणारे तेच. एखादी व्यक्तिरेखा पुढे का विसरली गेली, अमुक प्रसंगी बाई गप्प का राहिली असेल, असे प्रश्न त्या अक्षरात असत. बैठकीत मात्र ते बोलणे कोणीच आपले म्हणून सांगत नसे. हे कोडे पुढे सुटले. तिथे येऊ तेव्हा सांगतो.

दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८मध्ये आले आणि लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८०मध्ये. दोन्ही पुस्तके मंडळाने घेतली. ‘बलुतं’च्या बैठकीला पहिल्यांदाच गावाच्या खालच्या अंगाच्या वस्तीतली चार तरुण मुले आली. सतरंजीवर जागा होती. तरी ती दाराजवळच्या बाकावर बसली. त्यांना आत बोलवायला कोणी उठायला किती वेळ लावला, हे इतिवृत्तात नाही. मी तिथे नव्हतो, पण जे होते त्यांतल्या दोघांनी मला वेगवेगळ्या वेळी हेच सांगितले की, त्या दिवशी पुस्तकापेक्षा तो बाकच जास्त लक्षात राहिला. पुढच्या महिन्यापासून तो बाक देवघेव विभागात हलवला. त्या चौघांपैकी एक जण पुढे अकरा वर्षे मंडळाचे कार्यवाह होते.

१९८६ ते १९९५ : रविवारचा शनिवार

जानेवारी १९८७मध्ये दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झाले, रविवारी सकाळी. आपली बैठकही रविवारी सकाळी. पहिल्या रविवारी सात जण आले, दुसऱ्या रविवारी तीन, तिसऱ्या रविवारी ग्रंथपाल आणि शिपाई. रामाशी स्पर्धा नको, असा ठराव एकमताने झाला आणि बैठक महिन्याच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी साडेपाचला गेली. पुढे ‘महाभारत’ आले आणि १९९०मध्ये संपले, तरी बैठक शनिवारीच राहिली, ती आजतागायत.

या बदलाचा एक परिणाम कोणीच धरला नव्हता. रविवारी सकाळ म्हणजे घरोघर न्हाणी, पाहुणे आणि दुप्पट स्वयंपाक. शनिवारी संध्याकाळी साडेपाच ते सात हा वेळ बायकांना जरा सोडवून घेता येई. पहिल्याच शनिवारी तीन बायका आल्या. हजेरीच्या वहीत सही करायची म्हणून त्यांच्यातल्या एकीने पर्समधून पेन काढले, आणि वहीवर हिरवी सही उमटली. बारीक, उजवीकडे झुकलेली. खोलीत कोणी काही बोलले नाही. शिंपीकाकांनी मात्र हात जोडले. चिठ्ठीवर इतकी वर्षे नाव होते ते त्यांच्या यजमानांचे. यजमान कोणतेही पुस्तक चाळिसाव्या पानापुढे वाचत नसत, हे त्यांनी स्वतःच नंतर हसत कबूल केले. म्हणजे मंडळाच्या पहिल्या दहा वर्षांत स्त्री-सभासद शून्य, असे जे अहवालात छापले आहे ते चूक आहे. प्रत घरी जात होती. घरात ती कोण वाचत होते, हे आम्ही विचारले नव्हते.

या दशकात वाचनालयाने काही पुस्तकांच्या दोन-दोन प्रती घ्यायला सुरुवात केली. चिठ्ठीचे दिवस तिनाचे पाच झाले. सभासद वाढले. कुसुमाग्रजांना १९८७चे ज्ञानपीठ मिळाले तेव्हा कवितेची पहिली बैठक झाली. कवितेवर चर्चा करता येते याविषयी कारखान्यातल्या मंडळींना असलेली शंका त्या दिवशी फिटली नाही, पण ते ऐकत बसले.

मंडळाची सर्वांत मोठी बैठक कोणती, असे विचाराल तर मी ‘झाडाझडती’ची सांगेन. विश्वास पाटील यांची ही कादंबरी १९९१ची. पुढल्या वर्षी तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. विषय धरणग्रस्तांचा. कृष्णा-कोयना-वारणेच्या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना तो विषय पुस्तकातून कळावा लागत नाही. गावाबाहेर पुनर्वसनाची वसाहत आहे. तिथले एक वयस्क गृहस्थ रोज सकाळी मुक्तद्वार विभागात वर्तमानपत्र वाचायला येत. त्यांना मुद्दाम बैठकीला बोलावले. ते आले, कोपऱ्यात बसले. ‘तुम्ही सांगा ना बाबा,’ असे कोणीतरी म्हटले, तर ते म्हणाले, ‘तुमचा नियम हाय न्हवं, वाचल्याशिवाय बोलायचं न्हाई. मी वाचलं न्हाई अजून.’

बैठक तिथेच थांबवली. पुस्तक जाडजूड. चिठ्ठीवर त्यांचे नाव पहिले घातले आणि पुढचे दिवस रिकामे ठेवले. त्यांनी पूर्ण महिना घेतला. पुढच्या शनिवारी तेच पुस्तक पुन्हा. त्या दिवशी ते जेमतेम दहा मिनिटे बोलले असतील. मोजणी, नोटीस, कचेरीच्या खेपा हे सगळे पुस्तकात बरोबर आले आहे म्हणाले. मग म्हणाले, आमच्या घराची सागवानी चौकट आम्ही ट्रकमध्ये घालून आणली होती. नव्या जागेत घर बांधले ते पत्र्याचे, बुटके. चौकट त्यात बसेना. कापायला मन होईना. ती गोठ्यात आडवी ठेवली आहे आणि तिच्यावर वैरण रचतो. एवढे सांगून ते थांबले. नंतर चर्चा झाली नाही. इतिवृत्त लिहायची पाळी माझी होती; मी चौकटीची लांबी-रुंदीसुद्धा लिहून ठेवली आहे, कारण त्यांनी ती हाताने दाखवली होती.

१९९६ ते २००५ : व्हरांडा आणि पाणी

हे दशक लवकर उरकतो. घरोघर केबल आली, फोटोकॉपीची दुकाने आली. फोटोकॉपीमुळे प्रतीचा प्रश्न सुटेल असे वाटले. प्रत्यक्षात प्रत्येकाच्या घरी पहिल्या तीस पानांचे गठ्ठे साठले. आपली हक्काची प्रत घरात असली की माणूस ती उद्या वाचतो, आणि उद्या पुढल्या माणसाला द्यायची असेल तर आज. ग्रंथपालांनी वर्षभराने फोटोकॉपी बंद करून चिठ्ठी पुन्हा सुरू केली. लेखक-प्रकाशकांच्या हक्काचा मुद्दाही त्यांनी तेव्हाच मांडला होता. तो आम्हाला कळायला आणखी काही वर्षे लागली.

स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुले याच काळात वाढली. वाचनालयाने सभागृहाची अभ्यासिका केली, ते योग्यच झाले. मंडळ व्हरांड्यात आले. सभागृह, वीजबिल आणि एका पुस्तकाची निवड यांवरून काही मतभिन्नता झाली आणि बैठका काही काळ नियमित होऊ शकल्या नाहीत. दोन्ही बाजूंची मंडळी वाचनालयावर सारखेच प्रेम करणारी होती, त्यामुळे तो तपशील येथे देण्याचे कारण नाही. पुढे दोन्ही बाजू व्हरांड्यातच बसू लागल्या, कारण दुसरी जागा नव्हती.

जुलै २००५च्या अखेरीस कृष्णेचे पाणी वाचनालयाच्या तळमजल्यात शिरले. शिपायांनी आणि अभ्यासिकेतल्या मुलांनी रात्रीतून वरची दोन फडताळे गच्चीवर नेली, खालची राहिली. पाणी उतरल्यावर आठ दिवस वाचनालयात फक्त एकच काम चालले होते. पान पान सोडवायचे, मध्ये टीपकागद घालायचा, पंख्याखाली उभे ठेवायचे. ‘स्मृतिचित्रे’ची ती पहिली प्रत गेली. सोबतवह्यांपैकी अकरा वाचल्या. हिरव्या शाईचे पाण्याने पोपटी डाग झाले आहेत, पण अक्षर लागते. या वह्या सध्या ग्रंथपालांच्या खोलीत कपाटात आहेत, ज्यांना पाहायच्या असतील त्यांनी पाहाव्यात. हात मात्र कोरडे असावेत.

२००६ ते २०१५ : शाखा

पुरानंतर मदत आली ती अनेक ठिकाणांहून, वैयक्तिक संग्रहांतून आलेली पुस्तके तर मोजदादीबाहेर. दाखल नोंदवही नव्याने लिहावी लागली. ते काम दोन निवृत्त शिक्षिकांनी आणि वाणिज्य शाखेच्या मुलींनी एका उन्हाळ्यात पुरे केले. त्या मुलींना बक्षीस काय द्यावे असे विचारले, तर त्यांनी मागितले वेगळे मंडळ. आमचे फार लांबते म्हणून. कन्याशाळेतले मंडळ असे सुरू झाले. त्यांनी पहिले पुस्तक घेतले ते ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’. आम्ही मोठी माणसे तेव्हा सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’वर बोलत होतो, आणि ऊसवाल्यांना कापूसवाल्यांचे दुःख कितपत कळते, यावर दोन बैठका गेल्या.

नेमाड्यांची ‘हिंदू’ २०१०मध्ये आली तेव्हा तरुणपणी ‘कोसला’साठी भांडलेले शिक्षक सत्तरीच्या घरात होते. चिठ्ठीवर त्यांनी स्वतःसाठी वीस दिवस मागितले. दिले. नेमाड्यांना २०१४चे ज्ञानपीठ जाहीर झाले त्या संध्याकाळी ते पेढे घेऊन आले आणि चौथ्या महिन्यात घेतलेल्या ‘कोसला’च्या बैठकीचा चहा आज होऊ द्या म्हणाले. इतिवृत्त काढून पाहिले. खरेच होता बाकी.

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिन, १५ ऑक्टोबर, २०१५पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी भाषणे ठेवायची नाहीत, असा आपला रिवाज पहिल्या वर्षापासून आहे. वाचनालयात ज्याने त्याने बसून तासभर नुसते वाचायचे.

२०१६ ते २०२६ : गट, पीडीएफ आणि पुन्हा चिठ्ठी

व्हॉट्सॲपवर मंडळाचा गट झाला तो बैठकीची आठवण देण्यासाठी. दोन महिन्यांत त्यावर सुप्रभात, वाढदिवस आणि फुकटच्या पीडीएफ येऊ लागल्या. विकत मिळणाऱ्या पुस्तकांच्या अशा चोरीच्या प्रती गटावर टाकायच्या नाहीत, असा नियम केला. काही सभासद गटातून बाहेर पडले, बैठकीतून नाही. म्हणजे नियम बरोबर असावा.

मे २०१७मध्ये महाबळेश्वर-पाचगणीजवळचे भिलार हे पुस्तकांचे गाव झाले. त्याच दिवाळीच्या सुट्टीत मंडळाची सहल तिथे गेली. घराघरांत मांडलेली पुस्तके पाहून सगळे खूश होते. आमच्या शिपायांचा प्रश्न एकच होता : ‘परत आलेलं कोण बघतं?’

ऑगस्ट २०१९चा पूर २००५पेक्षा मोठा. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ५७ फुटांच्या वर गेले. या खेपेला मात्र पुस्तके आधीच वरच्या मजल्यावर होती. २००५नंतर कार्यकारी मंडळाने वर्गणी आणि देणग्यांतून मजला चढवला, त्याचे श्रेय सर्व सभासदांचे. तळमजल्यावरचे टेबल, सतरंजी आणि चहाचे पातेले तेवढे गेले. ती सतरंजी १९७६चीच होती असे जुने लोक सांगत. मी कधी वाद घातला नाही.

मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली आणि वाचनालयाला कुलूप लागले. त्या वेळी ‘बनगरवाडी’ची प्रत चिठ्ठीवरच्या सहाव्या माणसाच्या घरी होती. सातवा माणूस दोन गल्ल्या पलीकडे, मधे बांबू बांधलेले. शेवटी सहाव्याने ती फोनवर वाचून दाखवायला सुरुवात केली. रोज रात्री साडेनऊला, कॉन्फरन्स कॉलवर, आधी चौघांना, मग जमेल तितक्यांना. मोबाइलवरच्या दृश्य बैठकाही करून पाहिल्या; अर्धा वेळ ‘आवाज येतोय का’ यात जाई. आवाजाचे वाचन मात्र टिकले. त्या दीड वर्षात मंडळाने आपले चार सभासद गमावले. त्यांच्यापैकी एक शेवटपर्यंत कॉलवर होते; काही बोलत नसत, पण कोणी पान चुकले तर खाकरत.

आजची स्थिती थोडक्यात अशी. पहिल्या शनिवारी साडेपाचला मुख्य मंडळ. तिसऱ्या शनिवारी कन्याशाळेचे मंडळ, त्यात आता मुलगेही येतात, नाव मात्र तेच आहे. दृष्टी अधू झालेल्या ज्येष्ठांसाठी फोनवरचे वाचन आठवड्यातून तीन रात्री. व्यासपीठ नाही, हार नाहीत, आणि न वाचता बोलायचे नाही. पाहुणा लेखक असला तरी दुसऱ्याच्या पुस्तकाबाबत हा नियम त्यालाही लागू. याने एकदा पेचप्रसंग आला होता, तो निभावला.

९९वे साहित्य संमेलन साताऱ्यात भरले, अध्यक्ष विश्वास पाटील. कऱ्हाडच्या संमेलनाला पन्नास वर्षे झाल्यावर संमेलन पुन्हा आपल्या जिल्ह्याच्या शेजेला आले, तेव्हा सुवर्णमहोत्सवाच्या बैठकीला कोणते पुस्तक घ्यायचे यावर फार चर्चा झाली नाही. ‘झाडाझडती’ ठरली. वाचनालयाकडे आता तिच्या तीन प्रती आहेत. तरी सभासदांनी ठरवले की फिरवायची ती जुनीच, पुनर्वसन वसाहतीतल्या बाबांनी महिनाभर ठेवून घेतलेली. तिच्या मागच्या पुठ्ठ्यात १९९०च्या दशकातली चिठ्ठी अजून आहे. तिच्यावरच नवी डकवली. सोबतवहीही नवी घेतली आहे, आणि पहिल्या पानावर कन्याशाळेतल्या एका मुलीने हिरव्या शाईने पान क्रमांक घालून काहीतरी विचारले आहे.

चिठ्ठीवर चौदा नावे आहेत. प्रत्येकाला पाच दिवस. प्रत सध्या नवव्या नावाशी बारा दिवस अडून पडली आहे, कारण त्याला हा लेख लिहायचा होता. पुढच्या बैठकीची साखर माझ्याकडे.